विकतची गांडुळं वावरात जगत नाहीत
गांडुळांवरच्या एका लेखात म्हटलंय, जमीन सुधारायला गांडूळखताची गांडुळं विकत आणा अन् वावरात सोडा. गडबड इथंच आहे. बेडमधली ती तांबडी गांडुळं (आयसेनिया फेटिडा) शेणात, कुजक्या पाल्यात जगणारी. आमच्या यवतमाळकडच्या काळ्या जमिनीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिथं ती काय तगणार? मीही एकदा दोन किलो आणून सोडली होती. पैसे मातीत गेले, अगदी शब्दशः!

देशी गांडूळ वेगळं. उन्हाळ्यात खोल ओलीत जाऊन अंगाची गाठ मारून निपचित पडतं, पाऊस लागला की वर येतं. धुऱ्यावरच्या बाभळीखाली, जिथं वखर (माती मोकळी करायचं बैलाचं अवजार) पोचत नाही, तिथं सप्टेंबरात वाकून बघा. गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक बारीक गोळ्यांचे ढीग दिसतील, बोटानं दाबले की चहाच्या चोथ्यासारखे मऊ. तेवढ्या जागेत पाणी साचत नाही, गांडुळांच्या बिळांतून जिरून जातं. चार हातांवर पऱ्हाटी (कपाशी) साचलेल्या पाण्यात पिवळी पडलेली असते.  

म्हणून ही देशी गांडुळं वाढावीत यासाठी मी सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जाळणं सोडलं, तुरीचा पाला वावरातच पडू देतो. तिसऱ्या वर्षी डवऱ्यामागं (कोळपणीच्या अवजारामागं) गांडुळं टिपायला बगळे यायला लागले.