नावात कलेक्टर असेल तर कलेक्टर दिसायला हवी

मालिकेच्या नावाने सगळी गोष्ट सांगून टाकावी, असा माझा हट्ट नाही. पण नावाने प्रेक्षकाला जे कबूल केलंय, ते मालिकेने शेवटपर्यंत निभावलं पाहिजे, यावर मी ठाम आहे. घरात आणि शेजारीपाजारी यावरून माझी बऱ्याच जणांशी वादावादी झाली आहे, म्हणून एकदा नीट लिहिते.

झी मराठीवरची 'अप्पी आमची कलेक्टर' २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा आमच्या भागात किती अप्रूप होतं! सातारच्या मातीतली, सातारी बोलणारी मुलगी आणि थेट नावातच कलेक्टर. आमच्याकडे सांगलीत अभ्यासिकांमधून दिवसचे दिवस काढणाऱ्या मुली काही कमी नाहीत. स्पर्धा परीक्षेच्या पूर्व, मुख्य, मुलाखत या तीन पायऱ्यांत त्यांची उमेदीची वर्षं जातात आणि घरातून 'आता बास कर, स्थळं बघूया' हे पालुपद सुरूच असतं. त्या मुलींच्या आयांनी ही मालिका नाव ऐकून लावली. अप्पी कलेक्टर झालीही. पण पुढे गोष्टीने काही वर्षांची मोठी उडी, म्हणजे लीप, घेतली आणि सगळं आलं ते नवराबायकोची ताटातूट, मुलगा अमोल आणि त्याचं आजारपण यावर. अमोलचं काम करणारं पोर गोड होतं, डोळ्यांत पाणी आणणारे प्रसंगही होते, ते मी नाकारत नाही. पण आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा मला विचारलं, "अगं, ती अजून कलेक्टर हाय का सोडलं तिनं?" रोज न चुकता बघणाऱ्या बाईला हा प्रश्न पडावा, हे मला फार लागलं.

कलेक्टरच्या कामात गोष्ट नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्याने सांगलीकरांना विचारावं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. वरच्या कोयना धरणातून किती सोडलंय, खालच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती पाणी पुढे जातंय, कोणती गावं आधी हलवायची, घर सोडायला तयार नसलेल्या म्हाताऱ्यांना बोटीत कसं बसवायचं, जनावरांचं काय करायचं... या सगळ्याचे निर्णय जिल्हाधिकारी कार्यालयात होत होते. एकीकडे नदीकाठ पाण्यात, दुसरीकडे जत तालुक्यात पाण्याची वाट बघणारी गावं, हे एकाच जिल्ह्यात. वाळूउपसा आहे, उसाची थकलेली बिलं आहेत, भूसंपादनाचे मोबदले आहेत. खुर्चीत बसलेल्या एका बाईची पाच वर्षांची मालिका सहज होईल एवढा ऐवज आहे हा. तो नावाने कबूल केला होता. म्हणून तो मिळाला नाही याचं वाईट वाटतं.

माझं म्हणणं लोक चुकीचं घेतात ते इथे. "म्हणजे तुला बोर्डावरच सगळं लिहिलेलं पाहिजे," असं माझा भाऊ म्हणतो. मुळीच नाही. 'देवमाणूस' घ्या. २०१६ मध्ये वाईकडे उघडकीला आलेल्या खूनप्रकरणावर ती बेतलेली आहे, असं २०२० साली ती सुरू झाली तेव्हा सगळीकडे बोललं जात होतं. आमच्यातले बरेच जण चिडले होते, खुन्याला देवमाणूस म्हणता म्हणून. मला ते नाव तेव्हाही अचूक वाटलं, आजही वाटतं. मालिकेतल्या त्या खुनी बोगस डॉक्टरच्या हातात दुसरं शस्त्र काय होतं? गावाने त्याला देवमाणूस मानलं म्हणूनच त्याला घराघरांत दार उघडं मिळालं. ज्या विश्वासावर माणसं मेली, तोच विश्वास नावात ठेवला. वरून उलटं दिसणारं ते नाव गोष्टीच्या मुळाशी जातं आणि मालिकाही त्या मुळाला धरून राहिली. असं नाव सुचायला डोकं लागतं.

आणि हे आम्हा सांगलीकरांना नवीन नाही. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथे नाटकाचा जो खेळ केला त्याचं नाव 'सीता स्वयंवर', आणि लोकांनी पाहिलं ते सीतेचं स्वयंवरच. हरिपूरच्या देवलांनी १८९९ च्या नाटकाला नुसतं 'शारदा' म्हटलं. त्या नावात जरठ-बाला विवाहाचा उच्चारही नाही. पण म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधली जाणारी ती पोर पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत नाटकाच्या मधोमध उभी आहे. सांगलीतच जन्मलेल्या खाडिलकरांचं 'कीचकवध' तर बघा. नाव महाभारतातलं, रंगमंचावर महाभारतच, आणि प्रेक्षकांना कीचकात दिसला व्हाइसरॉय राहिलेला लॉर्ड कर्झन. इंग्रज सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली. नावाने जेवढं सांगितलं तेवढं खाडिलकरांनी पुरेपूर दिलं आणि वर कितीतरी जास्त दिलं. जास्त देण्याला माझी कधीच हरकत नाही.

मालिकावाल्यांची अडचण मला कळते. नाटक लिहून पूर्ण झाल्यावर उभं राहतं. मालिका चालू असतानाच लिहिली जाते, दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात, आकडा घसरला की ट्रॅक बदलतो. नाव मात्र प्रोमोच्या वेळी ठरलेलं, शीर्षकगीतात बसवलेलं, ते कोण हलवणार? 'होणार सून मी ह्या घरची' मध्ये जान्हवीचं लग्न होऊन ती सून झाली, तरी मालिका २०१६ पर्यंत त्याच नावाने चालली. ते मला एवढं खुपलं नाही, कारण ते घर, त्या सहा सासवा आणि ती सून यांच्यापासून गोष्ट लांब गेली नाही. 'चला हवा येऊ द्या'सारख्या कार्यक्रमांना तर हा नियम लावूच नये, तिथे रोज नवा खेळ.

पण गोष्टच बदलायची असेल तर नाव बदलता येतं, हे झी मराठीने स्वतः करून दाखवलंय. 'अगंबाई सासूबाई' ही सासू आसावरीच्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट. तो विषय संपला, वजन सुनेकडे गेलं, तेव्हा २०२१ मध्ये 'अगंबाई सूनबाई' या नावाने पुढचं सुरू केलं. दुसरी मालिका पहिलीइतकी जमली नाही हे माझं मत, पण निदान प्रेक्षकाला सांगून केलं. ज्यांना फक्त सासूबाईंची गोष्ट हवी होती, ते तिथे थांबू शकले.

माझी मागणी एवढीच आहे. लीप घेताना कथा नावापासून सुटत असेल, तर तिथे मालिका संपवा किंवा नव्या नावाने नवी सुरू करा. आणि पुन्हा कधी कुणी आमच्या भागातल्या मुलीला नावातच कलेक्टर, फौजदार नाहीतर तहसीलदार करणार असेल, तर तिचं ऑफिस शेवटच्या भागापर्यंत उघडं ठेवा. आम्ही बघू. टीआरपीही देऊ.