आमच्या घरातला थोरला

आत्ताच एका बारशाहून आले. साडीसुद्धा बदललेली नाही, आधी लिहायला बसलेय, कारण डोकं फिरलंय.

हॉल सुरेख होता. फुलांचा पाळणा, फुग्यांची कमान. नाव ठेवायची वेळ झाली तशी मी विचारलं, वरवंटा कुठंय? सजावटवाला पोरगा म्हणाला, "काकू, पाळण्याला वजन झेपायचं नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "मिक्सरचं भांडं ठेवा की!" आणि सगळा हॉल हसला.

वजन झेपत नाही म्हणे! अरे, मग तीन किलोचं बाळ कसं घालणार होतात त्यात?

माझ्या आजीचं पहिलं मूल पाचवीच्या आतच गेलं. बारशासाठी शिवलेली कुंची तशीच राहिली. पुढच्या खेपेला माझे वडील झाले, तेव्हा आजीनं तीच कुंची वरवंट्याला घातली, काजळाची तीट लावली. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बायकांनी आधी त्याला पाळण्याखालून-वरून फिरवलं, मग वडिलांना. त्या दिवसापासून तो आमच्या घरातला थोरला. पाच भावंडं त्याच्या पाठीवर झाली आणि प्रत्येकाच्या आधी पाळण्यात तोच झोपला.

आजी त्याच्याशी बोलायची. चटणी खारट झाली की म्हणायची, "आज थोरल्याचं चित्त थाऱ्यावर नाय." पुरणाच्या दिवशी, "दमला गं माझा बाबा." टाकी लावणारी बाई आली की आजी शेजारी ठाण मांडून बसायची आणि चार घाव पडले की तिचा हात धरायची, "पुरे, लागतंय त्याला." आम्ही पोरं पोट धरून हसायचो. आजीही हसायची, पण हात सोडायची नाही.

मिक्सर आला ते बरंच झालं. आजीचा उजवा खांदा त्या पाट्यानंच गेला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण दगडाला कसला जीव, असं मला कुणी सांगू नये. शेंदूर फासलेल्या दगडापुढे आपणच नारळ फोडतो. विठोबाच्या पायाखालच्या विटेवर डोकं टेकवायला बारीत तासन्‌तास उभे राहतो. आणि हा तर सह्याद्रीचा काळा पाषाण, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत आलेला. बाळ याच्यासारखं टणक व्हावं, पुष्कळ जगावं म्हणून त्याला आधी झोपवायचं. आजी शाळेत गेली नव्हती, तरी थोरला कोण ते तिला बरोबर कळलं होतं.

लिहिता लिहिता राग उतरला. त्या पोराला तरी काय बोलणार? त्याच्या घरात पाटाच नसेल.

आजी गेली त्या दिवशी भिंतीला टेकवलेल्या त्या वरवंट्यावर कुणीतरी ओला पंचा टाकला होता. वडिलांनी तो उचलला, वरवंटा कोरडा पुसला आणि आत नेऊन ठेवला. रडणाऱ्या पाचही भावंडांत तेवढं एकच काम कुणाला तरी सुचलं होतं.

मघाशी बाळाच्या आईचा फोन आला. "मावशी, उद्या घरी घेऊन ये ना त्याला, घरचा पाळणा लाकडी आहे." कपाटातून कुंची काढलीय. एक बंद तुटलाय, तेवढा शिवते आणि झोपते.