फुली मारा, निर्धास्त व्हा

मच्छीमारांसाठी हवामानाचं अ‍ॅप बनवताय ना? मग वादळाचा इशारा दाखवायचा कसा, यावर डोकं शिणवू नका. पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह, झालं. खरी कलाकुसर आहे ती इशारा घालवायच्या खुणेत. तिथे कुचराई नको.

खूण एकच ठेवा: फुली. विंडोज ९५ पासून खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात तीच आहे, तेव्हा आपली माणसं ती पोटातूनच शिकून येतात असं धरून चला. फुली म्हणजे 'चूक', हे मास्तरांनी लाल शाईने शिकवलेलं सगळ्यांनी विसरावं, एवढी अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे? मालवणात आमचे तात्या जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके. मे महिन्यात त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "ह्या काय रे? इशारो खोटो हा काय? मगे बंदरार बावटो कित्याक लावलो हा?"

तात्यांकडे दुर्लक्ष करा. त्या एका फुलीत चार अर्थ कोंबा: वाचलं, नंतर सांग, हा इशारा पुसून टाक, पुन्हा कधी तोंड उघडू नकोस. यातला कुठला खरा, ते दाबल्यावर कळेल. फारच उदार वाटलं तर जोडीला आडवी रेघ मारलेली घंटा द्या. नुसता आवाज गेला की सगळे इशारेच गेले, हा प्रश्न तुम्हालाही पडेल, पण तुम्हाला कुठे समुद्रात जायचंय?

खाली शब्द मात्र लिहू नका. 'समजलं', 'तासाभराने आठवण कर' असलं काही लिहिलं की चौकटीची शोभा जाते. अगदीच गळ्याशी आलं तर विचारा, 'इशारा रद्द करायचा?' आणि खाली दोन बटणं ठेवा: 'ठीक' आणि 'रद्द'. वादळच रद्द झालं असं समजून कुणी नांगर उचलला, तर तो त्याचा प्रश्न.

आता आकार. गूगल म्हणतं बोटाने दाबायची जागा ४८ डीपी (हे पडद्यावरचं माप) हवी, म्हणजे साधारण ९ मिलिमीटर. अ‍ॅपल ४४ पॉइंट म्हणतं. त्यांना म्हणू द्या. तुम्ही फुली तिळाएवढी करा, फिक्या पिवळ्यावर फिकी करडी. होडीवर बोटांना खवलं आणि खारं पाणी असतं, त्यात ओल्या काचेवर फोनला थेंबही बोटासारखाच वाटतो. म्हणजे कुणी हात न लावता नुसता शिंतोडा उडाला तरी इशारा बंद. लाटेचा इशारा लाटेनेच मिटवला, याहून सोयीचं काय असणार?

'पुन्हा दाखवू नका' या चौकोनात टिक आधीच करून ठेवा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या. घरबसल्या रोजच्या इशाऱ्यांना कंटाळून माणूस फुली मारणारच. ती नोव्हेंबरातही लागू राहू द्या. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं होतं, ऐन हंगामात, हे तुम्हाला कोण आठवण करून देणार? इशारे परत सुरू करायची सोय सेटिंगच्या दातेरी चाकाआड चार पायऱ्या खाली दडवा. तात्यांनी ते चाक पाहून 'इंजिनाचा काय तां' असेल म्हणून सोडून दिलं.

आणि बंदरावरून चुकूनही काही शिकू नका. तिथे अजून वादळाचा बावटा म्हणून दिवसा शंकू आणि नळकांडी टांगतात, रात्री लाल-पांढरे दिवे. लांबून आकार ओळखायचा, इशाऱ्याचा नंबर समजायचा. बावट्याला फुलीच नाही! हवामान निवळलं की ज्यांनी चढवला तेच उतरवतात. ग्राहकाला काडीचं स्वातंत्र्य नाही.

तात्यांनी त्या फुलीला अजून हात लावलेला नाही. मेमधला पिवळा त्रिकोण तसाच आहे, नेमका भरती-ओहोटीच्या कोष्टकावर बसलेला. त्यामुळे रोज पहाटे मला फोन येतो, "भरती कितक्याक रे आज?"