‘संगणकाने आधी ठरवले, मग यंत्राने ऐकले’: लायगोवरच्या फॉरवर्डला उत्तर

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. सुदामानगरच्या गटात आला, राजेंद्र नगरच्या गटात आला आणि पुण्याच्या मावसबहिणीकडूनही तोच परत आला. त्याचा गोषवारा असा: हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ २६०० कोटी रुपये खर्चून ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या लहरी, पकडणारी वेधशाळा उभारत आहेत. त्याच जातीची अमेरिकेतली यंत्रे प्रोटॉनपेक्षा लहान हालचाल मोजल्याचे सांगतात, जे अशक्य आहे. रस्त्याने ट्रक गेला तरी ती हलतात. संगणकात लाखो नमुने आधीच भरलेले असतात आणि खरखरीतून त्यातला एक जुळवून काढतात. खोटे संकेत आपणच घालतो हे शास्त्रज्ञांनी कबूल केले आहे. मूळ डेटा कुणाला दाखवत नाहीत. आणि या बनावात आपल्या कॅटमधले लोकही सामील आहेत.

कॅट म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. नाव बदलून बरीच वर्षे झाली, तरी आपण सगळे कॅटच म्हणतो. तिथे आयुष्यभर काम केलेली माणसे आपल्याच कॉलन्यांत राहतात. त्यांच्या कामाला कुणी बनाव म्हटले आणि आपण ते पुढे ढकलले, याचे मला वाईट वाटले. मात्र मजकुरातले प्रश्न टाकाऊ नाहीत. त्यातले बहुतेक याच क्षेत्रातल्या लोकांनी फार आधी स्वतःला विचारले आहेत. म्हणून एकेक घेते.

‘प्रोटॉनपेक्षा लहान हालचाल मोजता येत नाही.’ एकाच अणूची जागा मोजायची असती तर हे बरोबर ठरले असते. लायगोत तसे मोजत नाहीत. आरसा ४० किलो वजनाचा, आणि त्यावर पडणारा लेसरचा झोत कित्येक सेंटिमीटर रुंद. तेवढ्या भागात कोट्यवधी कोटी अणू येतात. प्रत्येक अणू आपल्या परीने थरथरतो, पण प्रकाशाला त्या सगळ्यांची सरासरी जागा कळते आणि सरासरीत ती थरथर विरून जाते. काटकोनात ठेवलेल्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या आहेत. प्रकाश त्यांत सुमारे ३०० वेळा ये-जा करतो, त्यामुळे ही लांबी जणू १२०० किलोमीटर होते. २०१५ मध्ये भुजांत साठलेल्या प्रकाशाची शक्ती सुमारे १०० किलोवॉट होती. फोटॉन शंभरपट केले की मोजणीतली अनिश्चितता दहापट घटते, इतका सरळ हिशेब आहे. १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या लहरीने ४ किलोमीटरमध्ये घडवलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण चारशेव्या भागाएवढा होता. आकडा अविश्वसनीय वाटतो हे मान्य. पण तो कुणी पट्टीवर वाचलेला नाही, दोन भुजांतून परत आलेल्या प्रकाशाच्या तुलनेतून आला आहे.

‘ट्रक गेला तरी यंत्र हलते.’ हो, हलते. एबी रोडवर राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच प्रत्येक आरसा चार टप्प्यांच्या लंबकाला, काचेच्या जेमतेम ०.४ मिलिमीटर जाड तंतूंवर टांगलेला असतो. तरीही जे शिरायचे ते शिरतेच. २०१७ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन राज्यातल्या लायगोच्या हॅनफर्ड केंद्राच्या नोंदींत काही विचित्र ठोके दिसू लागले. तिथल्या मायक्रोफोनच्या नोंदी तपासल्या, बाहेर जाऊन पाहिले, तेव्हा कळले की थंड नायट्रोजन बाहेर सोडणाऱ्या नळीवर साचलेला बर्फ डोमकावळे टोचत होते! ती नळी मग झाकून टाकली. भूकंपमापक, मायक्रोफोन, चुंबकीय क्षेत्र मोजणारी उपकरणे यांच्या हजारो नोंदी मुख्य संकेताबरोबर सतत ठेवल्या जातात, त्या याचसाठी.

खरा पहारा मात्र अंतराचा आहे. हॅनफर्ड आणि लायगोचे दुसरे केंद्र, लुइझियानातले लिव्हिंगस्टन, एकमेकांपासून सुमारे ३००० किलोमीटरवर आहेत. हॅनफर्डच्या ट्रकने लिव्हिंगस्टनचा आरसा हलत नाही. लहर खरी असेल तर ती दोन्हीकडे, प्रकाशाला लागणाऱ्या १० मिलिसेकंदांच्या आत उमटायला हवी. पहिली लहर लिव्हिंगस्टनला आधी पोचली आणि ६.९ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. आता कुणी म्हणेल, दोन्हीकडचे ठोके योगायोगाने जुळले असतील. योगायोग किती वेळा घडतो हे मोजण्याची रीत मला या सगळ्या कामातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एका केंद्राची नोंद दुसऱ्याच्या मानाने मुद्दाम वेळेत थोडी मागेपुढे सरकवायची. मग जे जुळेल ते खोटेच असणार, कारण एकच लहर तेवढ्या वेळेच्या फरकाने दोन्हीकडे पोचू शकत नाही. असे पुन्हा पुन्हा सरकवून १६ दिवसांच्या नोंदींतून ६ लाखांहून अधिक वर्षांएवढी ‘फक्त योगायोगांची’ नोंद तयार केली गेली. तीत पहिल्या लहरीइतका जोरदार योगायोग एकही निघाला नाही. सगळ्या सवलती धरून निष्कर्ष असा मांडला गेला की असा खोटा ठोका २ लाख ३ हजार वर्षांत एकापेक्षा कमी वेळा घडेल.

‘नमुने आधी भरलेले, मग जुळणारच.’ नमुने म्हणजे लहर कशी दिसेल याचे गणिताने आधी काढलेले आकार. मजकुरातला हा सर्वांत वजनदार आरोप, आणि तो निराधार नाही. पुरेसे नमुने घेऊन खरखरीत शोधायला बसलात तर काहीतरी थोडेफार जुळतेच. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या गर्दीत, ढोलताशांत, आपल्या माणसाची हाक आपण ओळखतो, कारण तो आवाज आधीच माहीत असतो. पण कधी कधी हाक आल्याचा भासही त्याच माहितीमुळे होतो. २०१५ मध्ये सुमारे अडीच लाख नमुन्यांनी शोध घेतला गेला. ही पद्धत उभी करण्यात आपल्या लोकांचा मोठा हात आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी असे नमुने किती आणि कसे निवडावेत याचे गणित १९९१ मध्येच मांडले होते.

भासाचा बंदोबस्त त्या पद्धतीतच केलेला आहे. नुसते ‘एकूण जुळले’ एवढ्यावर भागत नाही. संकेताचे कंपनसंख्येनुसार तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा वाटा अपेक्षेइतका आहे का, हे तपासतात. डोमकावळ्याच्या टोचणीत सगळी ताकद एकाच जागी एकवटलेली निघते आणि ती बाद होते. आणि मजकूर लिहिणाऱ्याने जे सांगितलेच नाही ते असे: पहिली लहर आधी नमुन्यांनी पकडलीच नव्हती. कोणताही ठरावीक आकार गृहीत न धरता, दोन्ही केंद्रांवर एकदम उसळलेली जादा ऊर्जा शोधणारा एक वेगळा कार्यक्रम चालू असतो. त्याने ती लहर तीन मिनिटांच्या आत टिपली. नमुन्यांचा शोध नंतर झाला. त्यातून, ज्यांच्या विलीन होण्याने ही लहर उठली त्या दोन कृष्णविवरांची वस्तुमाने सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट निघाली. १४ जानेवारी २०२५ ची लहर तर इतकी स्पष्ट होती की पहिल्या वेळी सुमारे २४ असलेले संकेत आणि खरखर यांचे गुणोत्तर या वेळी ८० च्या आसपास होते.

‘खोटे संकेत आपणच घालतात.’ घातले होते, आणि ते जगाला त्यांनीच सांगितले. १६ सप्टेंबर २०१० रोजी मोजक्या लोकांनी आरसे गुपचूप हलवून एक बनावट लहर मिसळली. बाकी शेकडो शास्त्रज्ञांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी महिनोन्‌महिने तपासणी केली, शोधनिबंधही लिहून तयार ठेवला आणि मार्च २०११ मध्ये सर्वांसमोर गुपिताचे बंद पाकीट उघडले, तेव्हा संकेत बनावट असल्याचे कळले. निबंध छापला नाही. शोधणाऱ्यांची परीक्षा त्यांच्या नकळत घेण्याला मी प्रामाणिकपणा म्हणते. २०१५ मध्ये लहर आली तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला गेला की ही पुन्हा परीक्षा तर नाही ना, आणि तशी परीक्षा चालू नसल्याची खात्री करूनच काम पुढे गेले.

‘डेटा दाखवत नाहीत’ हे तर सरळ चूक आहे. नोंदी इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या आहेत, सोबत पायथॉनमधले शिकवणीचे धडेही आहेत. आपल्याकडच्या बीएस्सीच्या मुलाला साध्या लॅपटॉपवर पहिल्या लहरीचा आलेख काढता येतो. त्याच खुल्या नोंदी घेऊन २०१७ मध्ये कोपनहेगनच्या नील्स बोर संस्थेतल्या एका गटाने दोन्ही केंद्रांच्या खरखरीत संशयास्पद साम्य असल्याची टीका केली. इतरांनी ती टीका पुन्हा तपासली, मूळ निष्कर्ष टिकला. लायगोबाहेरच्या गटांनी याच नोंदींतून स्वतःच्या पद्धतीने लहरी शोधल्या आहेत. आणि टिकला नसता तर? १९६९ मध्ये जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांनी गुरुत्वीय लहरी पकडल्याचे जाहीर केले होते. इतरांनी तशी यंत्रे बांधली, त्यांना काही मिळाले नाही आणि तो दावा मागे पडला. एकमेकांना पाठीशी घालायची या लोकांची रीत असती तर तेव्हाच घातले असते.

शिवाय लायगोवर अजिबात विश्वास नसेल तर १७ ऑगस्ट २०१७ चा विचार करा. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत विलीन झाल्याची लहर आली आणि १.७ सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणांचा झोत स्वतंत्रपणे नोंदवला. अकरा तासांच्या आत चिलीतल्या दुर्बिणीने सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू शोधला. पुढच्या काळात नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीनेही त्या स्फोटाचा मागोवा घेतला. एवढ्या वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या किरणांत पाहणाऱ्या यंत्रांत एकच बनाव कोण पेरणार?

राहिले हिंगोली आणि कॅट. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये प्रकल्पाला मंजुरी दिली. बांधकाम अणुऊर्जा विभागाच्या शाखेकडे, निर्वात नळ्या गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे, डेटाचे काम पुण्याच्या आयुकाकडे आणि लेसर व प्रकाशीय भागांची मोठी जबाबदारी आपल्या इंदूरच्या केंद्राकडे आहे. २६०० कोटी यावरच खर्चावेत का, हा नागरिकाने जरूर विचारावा असा प्रश्न आहे. त्यासाठी मोजणीला खोटे पाडायची गरज नाही. बदल्यात काय मिळेल तेही समोर ठेवून विचारावा. २०१५ मध्ये दोनच केंद्रे होती, तेव्हा लहर आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांत कुठूनतरी आली एवढेच सांगता आले. २०१७ मध्ये इटलीतले व्हर्गो हे तशाच यंत्राचे केंद्र जोडीला होते, तेव्हा हा भाग २८ चौरस अंशांवर आला, म्हणूनच ती दीर्घिका त्याच रात्री सापडली. औंढा नागनाथ या तिन्ही ठिकाणांपासून फार दूर आहे, आणि केंद्रे जितकी दूर तितकी लहरीची दिशा नेमकी कळते.