थोडं तिखट कमी

घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ परत फिरतोय. जपानचे भारतातले तेव्हाचे राजदूत हिरोशी सुझुकी पुण्यात वडापाव खातात, मग पत्नीबरोबर मिसळ, आणि तिखटाच्या सामन्यात पत्नी जिंकते. माल जून 2023 चा. पंतप्रधानांनीही तेव्हा ट्विटरवर त्यांची गंमत केली होती, की ही स्पर्धा हरायला तुमची हरकत नसावी.

खाली काकांचा निकाल: ‘जग झुकलं आपल्या तर्रीपुढे.’ चुलतभावाचा उलट: ‘राजदूताला दुसरी कामं नाहीत?’ दोन दिवस हेच. शेवटी दोघांनी मला ओढलं. तू जपानात आहेस, तूच सांग.

सांगतो. माझ्या ऑफिसात तो व्हिडिओ एकानंही पाहिलेला नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मीच दाखवला. त्यानं शेवटपर्यंत पाहिला, मान तुकवली आणि विचारलं, ‘ही करी का?’

अरे, तो व्हिडिओ जपान्यांसाठी नव्हताच! आपल्यासाठी होता. राजदूत आवडावेत, म्हणजे मागोमाग जपान आवडेल. चुलतभावाला कळत नाही, की हेच त्यांचं काम. काकांना कळत नाही, की फत्ते झालं ते त्यांचं काम, आपलं नव्हे.

हेच माध्यम उलटलं की काय होतं, ते इथे ऑगस्ट 2025 मध्ये दिसलं. आपल्या बुलेट ट्रेनला कर्ज देणाऱ्या जायकानं, म्हणजे जपानच्या सरकारी मदतसंस्थेनं, चार जपानी शहरांना चार आफ्रिकी देशांची ‘होमटाऊन’ म्हणून जाहीर केलं. किसाराझू नायजेरियाचं, सान्जो घानाचं. हेतू देवाणघेवाणीचा. नायजेरिया सरकारनं भलताच खास व्हिसा जाहीर करून टाकला. दुरुस्ती आली, पण तोवर इकडे ‘शहर देऊन टाकलं’ अशी बोंब उठली होती. शहरांच्या कचेऱ्यांत फोन थांबेनात. सप्टेंबरात सगळं गुंडाळलं.

त्याच ऑगस्टमध्ये भारत-जपानचं ठरलं: 5 वर्षांत 5 लाख माणसांची ये-जा, त्यात 50 हजार कुशल भारतीय जपानात. त्यावरही इथल्या लोकांनी काय काय लिहिलं. ते मी ग्रुपवर टाकलं नाही. काका खूश होते, कशाला?

आईनं मात्र फोनवर विचारलं, तिकडे काही चाललंय का रे? म्हटलं, ‘ते आफ्रिकेच्या लोकांबद्दल आहे गं, आपल्याबद्दल नाही.’ म्हणताना हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून गेलेली नाही.

तसा मीही छोटा राजदूतच. ग्रुपवर माझ्याकडून साकुरा जातो, फुजी जातो. ‘परदेशी नको’ म्हणून दोन घरमालकांनी दारातूनच परत पाठवलं, ते गेलेलं नाही. टोकियोच्या निशी-कासाईत, भारतीयांच्या वस्तीत, निदान जिन्यात मराठी कानावर पडते, म्हणून तोझाई लाइनच्या मेट्रोची ती गर्दी सोसतो.

आणि तो व्हिडिओ? मी चारदा पाहिला. राजदूतांकडे कमी, मिसळीकडे जास्त.

काकांना अंगठा पाठवला आणि मोएरु गोमीची, म्हणजे जळाऊ कचऱ्याची, पिशवी बांधायला घेतली.