लघवीची नळी आहे म्हणून पाणी तोडू नका

सध्या फिरणारा मेसेज असा: लघवीसाठी नळी (कॅथेटर) लावलेल्या माणसाला पाणी कमी द्या, लघवी साठायची पिशवी रोज काढून जंतुनाशकाने धुवा, लघवी गढूळ दिसली की अँटिबायोटिक सुरू करा; इन्फेक्शन होणार नाही. रत्नागिरीच्या खेड्यांत घरोघर जाऊन नळी बदलणारी नर्स म्हणून सांगते, यातलं काहीही करू नका.

आधी पाणी. लघवी कमी आणि दाट झाली की नळी तुंबायला वाव मिळतो. प्रोटियससारखे जंतू लघवीतला युरिया फोडतात, क्षार साचतात आणि नळी आतून बंद होते. मे महिन्यात आपल्याकडे बसल्या जागी घामाच्या धारा लागतात, त्यात पाणी तोडायचं? हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच; बाकीच्यांना लघवी फिकट पिवळी राहील इतकं द्या. पेज, ताकही त्यात धरा.

पिशवी धुण्याचं म्हणाल, तर नळी आणि पिशवीचा जोड जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना वाट. खालच्या तोटीतून रिकामी करा, आधी-नंतर साबणाने हात धुवा. नळीभोवतीची जागा रोज साबण-पाण्याने धुतली की पुरे. पुरुषांच्या लिंगाच्या टोकावरची कातडी धुताना मागे घेतली असेल तर आठवणीने पुढे आणा, नाहीतर सूज येते.

मेसेजमध्ये नाही, पण घरोघर दिसतं ते वेगळंच. आजोबा माजघरात जमिनीवर गादी घालून झोपतात आणि पिशवी शेजारी, त्याच पातळीवर. तालुक्याला नेताना रिक्षात कोणीतरी ती मांडीवर धरतं. लघवी उलटी मूत्राशयात जाते. पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. त्यासाठी खाट घ्याच. प्रवासाआधी पिशवी रिकामी करा.

अँटिबायोटिकबद्दल: महिनाभर नळी राहिली की बहुतेक सगळ्यांच्याच लघवीत जंतू सापडतात. नुसता गढूळपणा किंवा वास म्हणजे आजार नव्हे. उगाच गोळ्या दिल्या तर जंतू निगरगट्ट होतात आणि खऱ्या तापाच्या वेळी औषध लागू पडत नाही.

सिलिकॉनची नळी जास्तीत जास्त १२ आठवडे; लॅटेक्सची, म्हणजे रबराची, बरीच आधी बदलावी लागते. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

थंडी वाजून ताप, अचानक बरळणं, किंवा नळीतून थेंब नाही आणि ओटीपोट फुगलेलं, असं दिसलं तर कितीही पाऊस असो, सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा.