फोर बाय फोर आहे म्हणून बर्फात काही होत नाही? जरा थांबा

गेल्या आठवड्यात एकाच दिवशी तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड आला, त्यातल्या एका ठिकाणी तर माझ्या सख्ख्या बहिणीनेच टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'बघ, तू उगाच टेन्शन घेतोस.' विषय असा की तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, लायसन्स मिळून जेमतेम आठ महिने झालेत आणि ती मित्रमैत्रिणींना घेऊन एसयूव्हीने बर्फातल्या घाटात निघालीय. फॉरवर्डचं सार थोडक्यात: एसयूव्ही फोर बाय फोर असेल तर वेगळी तयारी नको, गाडी जड असते म्हणून रस्त्याला चिकटून राहते, आहेत तेच टायर चालतात फक्त हवा निम्मी करा, उतारावर न्यूट्रल टाकून ब्रेकवर उतरा, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आणि सेन्सर असल्याने नवशिक्या ड्रायव्हरलाही काही अवघड नाही, सकाळी काचेवर गरम पाणी ओता, आणि अडकलात तर काचा लावून हीटर चालू करून निवांत बसा, मदत येतेच.

यातला शेवटचा सल्ला जीव घेऊ शकतो, म्हणून एवढं लिहायला बसलो. पण सुरुवातीपासून घेऊ.

फोर बाय फोर. इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते, त्यामुळे गाडी जागेवरून निघते चांगली आणि चढतेही चांगली, हे शंभर टक्के खरं आहे आणि म्हणूनच लोक फसतात. कारण थांबायची वेळ आली की ब्रेक साध्या छोट्या गाडीलाही चारच चाकांना असतात आणि तुमच्या फोर बाय फोरलाही चारच. थांबणं आणि वळणं हा सगळा मामला टायरच्या रबराचा, आणि एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा, म्हणजे दोन टनांची गाडी चार तळहातांवर उभी. वर आणखी गंमत अशी की साधी टू व्हील ड्राइव्ह गाडी निघतानाच जागेवर चाक फिरवते आणि सांगून टाकते की बाबा रे रस्ता आज गुळगुळीत आहे. फोर बाय फोर काही सांगतच नाही, मस्त निघते, साठला पोचते, आणि रस्ता कसा आहे ते पहिल्या वळणावर कळतं.

आकडेच हवे असतील तर शाळेतलं गणित पुरे. ताशी ४० किमीचा वेग धरा आणि फक्त ब्रेक लागल्यावरचं अंतर बघा, तुम्हाला उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं वेगळंच. कोरड्या डांबरावर गाडी ९-१० मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर साधारण ३० मीटर. आणि काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर ६० मीटरच्या वर. वेग निम्मा केला, म्हणजे २० वर आणला, की हीच सगळी अंतरं चौथाईवर येतात. एवढी स्वस्त सेफ्टी दुसऱ्या कुठल्याच अॅक्सेसरीत मिळत नाही.

आणि ज्यांच्याकडे लिव्हरने किंवा नॉबने लावायचं पार्ट टाइम फोर बाय फोर आहे त्यांनी एक लक्षात ठेवा, ते कोरड्या डांबरावर लावून फिरायचं नसतं, वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो पीळ थेट गिअरच्या यंत्रणेवर येतो. बर्फ सुरू झाला की फोर हाय, म्हणजे नेहमीच्या वेगासाठीचं फोर बाय फोर, लावा, संपला की काढा.

आता 'जड गाडी चिकटून राहते'. वजन वाढलं की पकड वाढते, बरोबर, पण थांबवायचा भारही तेवढाच वाढतो, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, हिशोब शून्य. वर एसयूव्ही उंच, तिच्या टपावर चार बॅगा, म्हणजे गाडी घसरत जाऊन कडेच्या दगडाला चाक अडकलं तर कलंडायला तीच आधी. बॅगा आत घ्या. टपावरचा बर्फही निघायच्या आधी झाडून टाका, नाहीतर पहिल्या ब्रेकला तो सगळा पुढच्या काचेवर येतो.

टायरवर मात्र जरा बैठक मारून बोलायला हवं, कारण पैसे आणि डोकं दोन्ही इथंच घालायचं असतं आणि लोक नेमके इथंच कंजूषी करतात. साध्या टायरचं रबर ७ डिग्रीच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं, रस्त्याच्या खडबडीतपणात शिरत नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. ओळखायचं कसं, तर टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा तारा असं चिन्ह असतं, ते म्हणजे टायर बर्फावर चाचणी देऊन पास झालाय. नुसतं एम अधिक एस (M+S, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर तो कंपनीने स्वतःच सांगितलेला नक्षीचा प्रकार आहे, चाचणी वगैरे काही नाही. म्हणूनच जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून नुसता एम अधिक एसवाला टायर विंटर टायर म्हणून धरत नाहीत. काही ऑल सीझन टायरवर हे डोंगराचं चिन्ह असतं, ते असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून नावावर जाऊ नका, खाली वाकून चिन्ह बघा. नक्षीची खोली बऱ्याच देशांत कायद्याने १.६ मिमी चालते, बर्फात ४ मिमीच्या खाली गेलेल्या टायरवर मी तरी जाणार नाही. आणि बदलायचे तर चारही बदला. दोनच बदलून पुढे लावले तर पुढचं टोक पकडतं आणि मागचं टोक तुम्हाला ओव्हरटेक करायला निघतं.

हवा निम्मी करायची आयडिया कुठून आली ते मला माहितीय, वाळूत आणि खोल भुसभुशीत बर्फात ऑफरोडवाले खरंच हवा काढतात. पण ते ताशी दहा-पंधराने चालतात आणि बाहेर आल्यावर भरायला पंप जवळ ठेवतात. घाटातल्या रस्त्यावर निम्म्या हवेचा टायर लुळा पडतो, वळणावर रिमवरून सुटूही शकतो. शिवाय हवा थंडीने आपोआपच उतरते, दर ५-६ डिग्रीला साधारण १ पीएसआय (पंपावर हवा ज्या आकड्यात मोजतात तो). खाली २५ डिग्रीत ३३ भरून निघालात आणि वर उणे १० असेल तर टायर थंड असताना मोजा, नुसत्या थंडीच्या हिशोबाने २७ च्या आसपास येते. म्हणजे काढायची सोडा, वर पोचल्यावर मोजून कमी असेल तर भरायचीच आहे.

चेन, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरभोवती बांधायची साखळी. फॉरवर्डमध्ये चेनचा उल्लेखच नाही, यावरूनच लिहिणारा बर्फात कधी गेला नसावा असं मला वाटतं. विंटर टायर असले तरी चेन डिकीत हवीच, आणि ती कुठल्या चाकांना लावायची ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघायचं, अंदाजाने नाही. आमचा किस्सा सांगतो. एकदा दिवेलागणीला चढावर थांबून चेन काढली, हातमोज्यात हूक लागेना म्हणून मोजे काढले, दोन मिनिटांत बोटं लाकूड, आणि मग कळलं की चेन एक साइज छोटी आहे, कारण मध्ये टायर बदलले होते आणि बॉक्सवरचा नंबर टायरवरच्या नंबराशी कोणी ताडलाच नव्हता. कोणी म्हणजे मीच. उलट्या पावली रिव्हर्सने खाली आलो. तेव्हापासून नियम: निघायच्या आधी घरासमोर कोरड्यात दोनदा चेन लावून काढायची, एकदा उजेडात आणि एकदा टॉर्चवर, आणि ती ज्याच्या हातात स्टिअरिंग असणार त्यानेच लावायची. लावल्यावर शंभरेक मीटर जाऊन परत ताणून घ्यायची. चेनवर ताशी ५० च्या वर नाही, आणि डांबर दिसायला लागलं की उतरवायची.

न्यूट्रलवाला सल्ला वाचून तर डोक्याला हात लावला. समजा उतार असा आहे की १०० मीटर पुढे गेलं की रस्ता १० मीटर खाली जातो, घाटात हे काही विशेष नाही. रस्ता काचेसारखा गोठलेला असेल तर टायरची सगळीच्या सगळी पकड गाडीचा वेग वाढू न देण्यातच खर्च होते, थांबवायला काही उरतच नाही. म्हणजे ब्रेक पूर्ण दाबून गाडी त्याच वेगाने खाली चाललीय, चाक वळवलं तरी ऐकत नाही. म्हणून वेग उतार सुरू व्हायच्या आधी पाडायचा, खालचा गिअर आधीच टाकायचा, ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये घ्यायचा, आणि इंजिनला गाडी धरून ठेवू द्यायची. गिअरही धाडकन नाही, हळू, नाहीतर इंजिनच्या झटक्यानेसुद्धा चाकं सुटतात. पुढची गाडी उताराच्या तळाशी पोचेपर्यंत वरच थांबलात तरी मागचा हॉर्न वाजवेल तेवढंच, वाजवू दे.

आता एबीएस आणि नवशिका ड्रायव्हर. भाचीला मी एक सकाळ मोकळ्या, बर्फाने भरलेल्या पार्किंगमध्ये नेलं, आसपास खांब नाही, गाडी नाही. म्हटलं २० वर ने आणि मी सांगितलं की ब्रेक पूर्ण दाब, काही झालं तरी सोडू नकोस. तिने दाबला, पेडल पायाखाली थडथड करायला लागलं, खालून करकर आवाज आला आणि तिने घाबरून पाय काढलाच. 'मामा, काहीतरी तुटलं!' काही तुटलं नव्हतं, ते एबीएस होतं. आठ महिने गाडी चालवून तिने ते एकदाही अनुभवलं नव्हतं. ही पहिली ओळख समोर ट्रक असताना झाली असती तर? पाचव्या वेळी तिने पाय दाबून धरला आणि त्याच वेळी चाक वळवून मी टाकलेल्या पिशवीला वळसा घातला, तेव्हा तिला समजलं की एबीएस कशासाठी आहे. गाडी वळवता यावी म्हणून. भुसभुशीत बर्फावर तर एबीएसने अंतर थोडं वाढतंसुद्धा, कारण लॉक झालेलं चाक पुढे बर्फाचा ढीग गोळा करून अडतं आणि एबीएस तो ढीग होऊ देत नाही.

मग तासभर नुसतं घसरणं शिकवलं. गाडी सुटली की दोन्ही पेडलवरून पाय काढ, जिथं जायचंय तिकडे बघ, हात डोळ्यांच्या मागे जातात. दरीकडे बघितलंस तर दरीकडेच जाशील. ट्रॅक्शन कंट्रोलचं, म्हणजे चाक जागेवर फिरायला लागलं की इंजिनची ताकद आवरणाऱ्या यंत्रणेचं, बटण कुठंय तेही दाखवलं, रुतलं असताना ते तेवढ्यापुरतं बंद केलं तर गाडी पुढेमागे झुलवून निघते, निघाली की लगेच चालू. क्रूझ कंट्रोलला, म्हणजे आपोआप एकच वेग धरून ठेवणाऱ्या बटणाला, हात लावायचा नाही. आणि कॅमेरा-रडारवर बर्फ बसला की लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणारं) आणि ऑटो ब्रेक आंधळे होतात, त्यामुळे फॉरवर्डमधले ते 'सेन्सर' नेमके हवे तेव्हा सुट्टीवर. एलईडी हेडलाइटही फारसे तापत नाहीत, त्यावरचा बर्फ आपणच खरवडायचा.

एक गोष्ट तिला दोनदा सांगितली: सगळ्यात निसरडा बर्फ कडाक्याच्या थंडीतला नसतो, शून्याच्या जवळचा असतो, वर पाण्याचा पातळ थर असतो म्हणून. पूल, डोंगराच्या सावलीतलं वळण, बोगद्याचं तोंड. रस्ता ओला दिसतोय पण पुढच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाहीये, तर ते पाणी नाही.

गरम पाण्याचं दोन ओळीत: काच तडकते, आणि नाही तडकली तर ओतलेलं पाणी गोठून आणखी एक थर बसतो. खरवडणी घ्या, वॉशरमध्ये न गोठणारं लिक्विड भरा, रात्री वायपर उभे करून ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गोठून अडकू शकतो, सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटमध्ये कोणी नुसतं पाणी ओतत आलंय का ते आधीच तपासा, कूलंट आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण उणे ३५ पर्यंत टिकतं, पाणी शून्याला गोठून फुगतं. डिझेलमध्ये मेण जमतं, त्यामुळे वरच्या भागात मिळणारं थंडीचं डिझेल तिकडेच भरा. बॅटरी जुनी असेल तर निघायच्या आधी बदला, उणे १८ ला तिची स्टार्ट मारायची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि इंजिन मात्र फिरायला जास्त जोर मागतं.

आणि आता ते हीटर लावून निवांत बसणं. बर्फ पडत असताना उभ्या गाडीचा सायलेन्सर गाडला जातो, धूर गाडीखाली साचतो आणि आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, माणसाला फक्त झोप येते, डोकं जड होतं, आणि थंडीत दमलेल्या माणसाला ते साहजिकच वाटतं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मुरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून जास्त लोक गेले, थंडी आणि हाच वायू ही दोन कारणं तेव्हा समोर आली होती. त्यामुळे अडकलात तर आधी खाली उतरून फावड्याने सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा, तेवढा वेळ ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, आणि प्रत्येक वेळी स्टार्ट मारायच्या आधी परत उतरून सायलेन्सर बघा, आळस आला तरी. सगळ्यांनी एकदम झोपायचं नाही. गाडी सोडून चालत निघायचं नाही. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की भरायची, हे यासाठीच. फावडं, ब्लँकेट, टॉर्च, जास्तीचे मोजे, टो करायची दोरी हे सगळं डिकीत तळाशी नको, कारण डिकीचं दार गोठलं तर ते काढणार कसं, फावडं तरी मागच्या सीटखाली ठेवा. भाचीच्या गाडीत आता ते तिथंच आहे आणि बहिणीने तो फॉरवर्ड अजून डिलीट केलेला नाही.